जुन्या मोटारीला मोठीं चाकें

बैलगाडीचें चाक बदलावयाचें झालें तर सुताराला मुख्यतः दोन गोष्टी पाहाव्या लागत. तुंब्याचें भोंक आंसावर नीट बसतें कीं नाहीं ही एक, आणि नवें चाक जोडीच्या चाकाइतकें उंच आहे कीं नाहीं ही दुसरी. मोटारीच्या चाकाची गोष्ट तितकी सोपी राहिलेली नाहीं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची एखादी उंची मोटार ज्याच्या पदरीं आहे अशा गृहस्थाला केव्हां ना केव्हां असें वाटूं लागतें कीं, गाडीचें अंग अजून देखणें आहे, इंजिन उत्तम चालतें, परंतु आजच्या गाड्यांशेजारीं तिचीं चाकें मात्र लहान दिसतात. तो बाजारांत जातो, सोळा इंचांऐवजीं अठरा इंचांचीं चाकें मागतो, आणि दुकानदार बोल्टांचीं पांच भोंकें जुळतात एवढें दाखवून त्याचें समाधान करतो. भोंकें जुळलीं म्हणजे चाक जुळलें, हा समज सर्वत्र पसरलेला आहे. आणि ज्या चार चाकांवर घरांतल्या सर्व माणसांचा जीव अवलंबून असतो त्यांच्या बाबतींत याहून घातक समज दुसरा नाहीं.

या प्रश्नाचा उलगडा एका प्रत्यक्ष उदाहरणानें चांगला होतो. जर्मनींतील म्युनिकच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें १९९४ पासून २००१ पर्यंत आपल्या सातव्या श्रेणीची जी मोटार तयार केली, तिला जाणकार लोक ‘ई ३८’ या सांकेतिक नांवानें ओळखतात. डिंगोल्फिंग येथील कारखान्यांत तयार होणारी ही चार दारांची, लांबरुंद, पावणेदोन टनांपासून दोन टनांपर्यंत वजनाची गाडी आंतल्या शांततेसाठीं आणि मऊ चालीसाठीं नांवाजलेली होती. तिच्या मोठ्या इंजिनांच्या प्रकारांवर सोळा इंचांचीं चाकें आणि २३५/६० आर १६ या मापाचे टायर असत. परंतु ज्यांना अधिक चपळ चाल हवी होती त्यांच्याकरितां त्याच कंपनीनें त्याच गाडीसाठीं अठरा इंचांचीं चाकेंही उपलब्ध करून दिलीं होतीं. म्हणजे जो प्रश्न आज मालकाला पडतो, तोच प्रश्न गाडी घडविणाऱ्या अभियंत्यांनीं स्वतः एकदां सोडवून ठेवलेला आहे. त्यांनीं काय वाढविलें, काय घटविलें आणि कशाला हात लावला नाहीं हें पाहिलें म्हणजे मोठें चाक शोधण्याचें सारें शास्त्र हातीं येतें.

प्रथम टायरच्या अंगावर उमटविलेला लेख वाचतां आला पाहिजे. २३५/६० आर १६ यांतील २३५ हा आंकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. ६० हें माप नव्हे, तें प्रमाण आहे. धातूच्या कडेपासून टायरच्या बाह्य परिघापर्यंत रबराची जी उंची असते ती रुंदीच्या शेंकडा ६० आहे, असा त्याचा अर्थ. ‘आर’ हें अक्षर टायरच्या आंतील दोऱ्यांची मांडणी त्रिज्येच्या दिशेनें आहे असें दर्शवितें. शेवटचा १६ हा धातूच्या चाकाचा व्यास. तो मात्र इंचांत. एकाच ओळींत मिलिमीटर, शेंकडेवारी आणि इंच अशीं तीन निरनिराळीं परिमाणें नांदत असल्यामुळें सामान्य ग्राहक शेवटच्या आंकड्याकडे तेवढें पाहतो आणि मधला आंकडा विसरतो. पहिली फसगत होते ती येथेंच.

मधल्या आंकड्याचें महत्त्व हिशेब केल्यावर कळतें. २३५ चे शेंकडा ६० म्हणजे १४१ मिलिमीटर. चाकाच्या वरचें आणि खालचें मिळून २८२ मिलिमीटर रबर झालें. सोळा इंच म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. दोहोंची बेरीज ६८८.४ मिलिमीटर, हा टायरसह सबंध चाकाचा बाहेरचा व्यास होय. आतां अठरा इंचांच्या चाकांवर कंपनीनें पुढच्या बाजूस २३५/५० आर १८ आणि मागच्या बाजूस २५५/४५ आर १८ हे टायर दिले. त्याच रीतीनें हिशेब केला तर पहिल्याचा बाहेरचा व्यास ६९२.२ आणि दुसऱ्याचा ६८६.७ मिलिमीटर येतो. धातूचें चाक दोन इंचांनीं, म्हणजे जवळजवळ ५१ मिलिमीटरांनीं वाढलें, तरी रस्त्यावर फिरणाऱ्या वर्तुळाच्या व्यासांत चार मिलिमीटरांचाही फरक पडला नाहीं. लोक ज्याला मोठें चाक म्हणतात त्याचें खरें स्वरूप हें आहे: जितका धातु वाढवावयाचा, तितकें रबर काढून घ्यावयाचें. बाहेरचें वर्तुळ होतें तेवढेंच ठेवावयाचें.

हा नियम मोडला तर काय होतें? समजा, मालकानें मधला ६० हा आंकडा तसाच ठेवून अठरा इंचांच्या चाकावर २३५/६० मापाचा टायर चढविला. बाहेरचा व्यास ७३९.२ मिलिमीटर होतो, म्हणजे शेंकडा सात-साडेसातांनीं वाढतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत गाडी तितकी अधिक पुढें जाते. वेगमापकाला मात्र फेऱ्यांचीच गणती कळते. त्यावर ताशी १०० किलोमीटर हा आंकडा दिसत असतांना गाडी पूर्वींच्यापेक्षां सात किलोमीटर अधिक वेगानें धांवत असते. वेगमापकानें खऱ्या वेगापेक्षां कमी वेग कधींही दाखवूं नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा वाहनांसंबंधींचा नियमच आहे. याखेरीज गाडीचें तोंड उंच होतें, इंजिनाला चाक फिरविण्यास अधिक जोर लागतो, आणि वळण घेतांना टायर मडगार्डाच्या आंतल्या पत्र्याला घांसूं लागतो.

बाहेरचा व्यास साधला म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाकडे वळावें. ‘ई ३८’ ला प्रत्येक चाकास पांच बोल्ट असून त्यांचे मध्य १२० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर येतात. त्याच काळांतील जॅग्वार कंपनीच्या ‘एक्स. जे.’ या तितक्याच प्रतिष्ठित मोटारीलाही पांचच बोल्ट आहेत. परंतु त्यांचें वर्तुळ १२०.६५ मिलिमीटरांचें, म्हणजे बरोबर पावणेपांच इंचांचें आहे. फरक एका मिलिमीटराहूनही कमी असल्यामुळें एकीचें चाक दुसरीवर बळानें चढविण्याचा मोह पुष्कळांना होतो. असें चाक चढतेंही. पण बोल्ट आपल्या बैठकींत सरळ न बसतां किंचित् कलून बसतो. बोल्टानें चाकाला हबावर दाबून धरावें, ही त्याची खरी कामगिरी. कललेल्या बोल्टावर तिच्याऐवजीं वाकविणारा ताण येतो आणि चाकाच्या दर फेऱ्याला तो उलटसुलट होत राहतो. असा बोल्ट एकाएकीं तुटत नाहीं. हजारों किलोमीटर निमूट चालून मग ढिला होतो किंवा तुटतो, आणि तेव्हां गाडी बहुधा वेगांत असते.

तिसरें माप म्हणजे चाकाच्या मध्यभागीं असलेलें भोंक. बैलगाडीच्या तुंब्याप्रमाणेंच तें हबाच्या वाटोळ्या कडेवर घट्ट बसावें लागतें, कारण चाक बरोबर मध्यावर आणण्याचें काम तीच कड करते. ‘ई ३८’ च्या चाकाचें हें भोंक ७२.६ मिलिमीटरांचें आहे. याच कंपनीच्या पांचव्या श्रेणीची तत्कालीन गाडी ‘ई ३९’. तिचें बोल्टांचें वर्तुळ तेंच, १२० चें, परंतु मधलें भोंक ७४.१ मिलिमीटरांचें. एका घरच्या या दोन गाड्या. म्हणून एकीचीं चाकें दुसरीला चालतील असें सहज वाटतें. प्रत्यक्षांत ‘ई ३८’ चें चाक ‘ई ३९’ च्या हबावर चढतच नाहीं; आणि उलट ‘ई ३९’ चें चाक ‘ई ३८’ वर चढतें, पण व्यासांत दीड मिलिमीटर मोकळें राहतें. तें मध्यावर न बसल्यास ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरूं लागतें, आणि मालक चाकांचा तोल पुनःपुन्हां करून घेत बसतो. बरोबर मापाचें कडें त्या फटींत बसविलें म्हणजे ही उणीव दूर होते. मोठें भोंक असें लहान करतां येतें. लहान भोंक कातून मोठें करणें मात्र चाकाच्या मर्मस्थानाला हात घालण्यासारखें असून तें कोणत्याही गल्लीबोळांतील कारागिराकडून करून घेऊं नये.

चौथें माप डोळ्यांना मुळींच दिसत नाहीं, आणि म्हणूनच सर्वांत अधिक चुका त्यांत होतात. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबाला चिकटणारा त्याचा सपाट पृष्ठभाग यांमधील अंतराला ‘ऑफसेट’ म्हणतात. जर्मन शब्दावरून आलेलीं ‘ईटी’ हीं अक्षरें आणि त्यांपुढें मिलिमीटरांचा आंकडा चाकाच्या आंतल्या अंगाला कोरलेला असतो. आंकडा जितका मोठा तितकें चाक गाडीच्या पोटाकडे सरकतें; जितका लहान तितकें तें बाहेर येतें. ‘ई ३८’ चें आठ इंच रुंदीचें, सोळा इंच व्यासाचें चाक ईटी २३ चें आहे. कंपनीनें दिलेलें अठरा इंचांचें पुढचें चाक तितक्याच रुंदीचें, ईटी २० चें. म्हणजे अवघें तीन मिलिमीटर बाहेर. मागचें चाक साडेनऊ इंच रुंद, ईटी २२ चें. तें जुन्या चाकापेक्षां आंत सुमारें अठरा आणि बाहेर सुमारें वीस मिलिमीटर अधिक पसरतें. मागच्या चाकांना वळावें लागत नाहीं म्हणून तेथें ही रुंदी पेलली. पुढें ती पेलली नसती.

आतां याच कंपनीच्या तिसऱ्या श्रेणीची ‘ई ४६’ ही गाडी पाहावी. बोल्टांचें वर्तुळ १२० चें, मधलें भोंकही ७२.६ चें, सर्व कांहीं जुळलें असें वाटावें. परंतु तिचीं सात इंच रुंद चाकें ईटी ४७ चीं असतात. ‘ई ३८’ वर तीं चढविलीं तर चाकाचा मध्य २४ मिलिमीटर आंत सरकतो, आणि रुंदी एक इंचानें कमी असूनही आंतली कड अकरा मिलिमीटरांहून अधिक आंत जाते. पुढच्या चाकामागें शॉक-ॲब्सॉर्बरचा उभा दांडा असतो. त्याच्या आणि टायरच्या मध्यें जी बोटभर जागा कारखान्यानें राखलेली असते तींत हें चाक अतिक्रमण करतें. गाडी उभी असतांना कदाचित् कांहींच लागणार नाहीं. पूर्ण वळणावर, खड्ड्यांत चाक वर उचललें गेलें म्हणजे मात्र टायरची बगल लोखंडाला घांसते. याच्या उलट, चाकें फार बाहेर आलीं तर बेअरिंगवर त्यांचा भार तरफेसारखा पडतो आणि ब्रेक दाबतांना गाडी एका बाजूस ओढ घेऊं लागते.

याशिवाय ब्रेकसाठीं जागा लागते ती निराळीच. चाकाचा व्यास पुरेसा असला तरी त्याचे आरे आंतल्या बाजूस फुगीर असतील तर ते ब्रेकच्या कॅलिपरवर आपटतात. हें कोणत्याही आंकड्यावरून कळत नाहीं. टायर न चढवितां नुसतें चाक हबावर बसवून, हातानें एक पुरा फेरा देऊनच तें पाहावें लागतें. बोल्टांच्या डोक्याखालची बैठक हीही अशीच दुर्लक्षित बाब आहे. कांहीं चाकांत ती शंकूसारखी निमुळती असते, कांहींत गोलाकार. निमुळत्या बैठकींत गोल डोक्याचा बोल्ट आवळला तर तो वरून घट्ट भासतो, पण धरतो मात्र एका बारीक रेषेवर.

मापें जुळलीं तरी भाराचा प्रश्न उरतोच. टायरच्या लेखाशेजारीं आणखी एक आंकडा असतो. त्यावरून तो टायर किती वजन पेलूं शकतो हें ठरतें. १०० या आंकड्याचा टायर ८०० किलोग्रॅम पेलतो, ९७ चा ७३०, आणि १०१ चा ८२५. २३५/५० आर १८ याच मापाचा टायर साध्या बांधणीचा ९७ चा आणि भक्कम बांधणीचा १०१ चा मिळतो. दोहोंचें बाह्य रूप सारखेंच; किमतींत फरक. रिकाम्या गाडीला यांतला फरक जाणवत नाहीं. पांच माणसें, सामानानें भरलेली डिकी आणि लांबचा वेगवान प्रवास असा योग येतो तेव्हां तो जाणवतो. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तकांत टायरच्या भाराचा जो आंकडा दिला आहे त्याहून कमी आंकड्याचा टायर कोणीं कितीही स्वस्त दिला तरी घेऊं नये. केवळ टायरलाच नव्हे, धातूच्या चाकालाही अशी भारमर्यादा असते, आणि प्रामाणिक निर्माता ती चाकावर उमटवितो. नामांकित चाकांच्या नुसत्या नक्षीची नक्कल करणाऱ्या मालावर ही खूण नसेल तर तें चाक शोभेचें समजावें.

इतकें सर्व साधल्यावरही या व्यवहारांत कांहीं द्यावें लागतें, आणि तें काय हें आधींच जाणून घेतलेलें बरें. सोळा इंचांच्या चाकावर रबराची उंची १४१ मिलिमीटर होती. अठरा इंचांवर ती पुढें ११७.५ मिलिमीटर उरते. कोणी हौसेनें वीस इंचांचें चाक आणून २४५/३५ मापाचा टायर घातला, तर बाहेरचा व्यास जवळजवळ साधतो, परंतु रबर उरतें ८६ मिलिमीटरांहूनही कमी. रस्त्याचा धक्का प्रथम सोसतें तें हेंच रबर आणि त्यांतली हवा. तें कमी झालें कीं वळणावर गाडी अधिक नेमकी वळते, स्टिअरिंगला तत्काळ उत्तर मिळतें. पण प्रत्येक सांधा, प्रत्येक खड्डा आंत बसलेल्याच्या पाठीला कळतो. पावसाळ्यांत पाण्यानें भरलेल्या खड्ड्याची धारदार कड लागली म्हणजे पातळ बगलेचा टायर फुटतो आणि धातूची कड वांकते. शिवाय मोठें चाक बहुधा वजनानेंही जड असतें. तीस वर्षें वयाच्या गाडीचे रबरी बुश, सांधे आणि शॉक-ॲब्सॉर्बर आधींच थकलेले असतात. त्यांवर हा नवा भार पडला कीं जो खडखडाट पूर्वीं नव्हता तो सुरू होतो, आणि दोष मात्र चाकांच्या ऐवजीं गाडीच्या वयाला दिला जातो. जी गाडी मऊ चालीसाठीं घडविली, तिची तीच चाल देऊन शोभा विकत घेणें हा सौदा किती पत्करावयाचा हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. ‘ई ३८’ च्या अभियंत्यांनीं तो अठरा इंचांपर्यंत पत्करला होता, ही गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

यावरून चाकें शोधण्याचा क्रमही ठरतो. दुकानांत जाण्यापूर्वीं त्याच गाडीच्या त्याच प्रकारासाठीं निर्मात्यानें कोणकोणतीं मापें मान्य केलीं होतीं, हें माहितीपुस्तकांतून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून काढावें. पुष्कळदां तेथेंच मोठें चाक सांपडतें, आणि तें वापरलेलें मिळालें तरी निश्चिंतपणें घेतां येतें. वापरलेलें चाक घेतांना त्याची आंतली बाजू धुऊन, उजेडांत धरून पाहावी. आऱ्यांच्या मुळाशीं केंसासारखी चीर, कडेला ठोकून सरळ केल्याची खूण किंवा नव्या रंगाखालीं दडविलेला सांधा दिसल्यास तें परत करावें. टायर जुना असेल तर त्याच्या बगलेवरील शेवटचे चार अंक वाचावे. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. खांचा खोल असल्या तरी रबर वयानें कडक होतें. चाकें बसविल्यावर चार माणसें गाडींत बसवून, स्टिअरिंग एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवून पाहावें, मग सावकाश एखाद्या उंचवट्यावरून गाडी न्यावी. बोल्ट निर्मात्यानें सांगितलेल्या जोरानेंच आवळावे आणि थोडा प्रवास झाल्यावर पुन्हां तपासावे. पुढचीं व मागचीं चाकें निरनिराळ्या रुंदीचीं असलीं तर त्यांची अदलाबदल करतां येत नाहीं, आणि जुनें राखीव चाकही नव्यांच्या जोडीला थोड्या अंतरापुरतेंच वापरावयाचें, हेंही लक्षांत असावें.

या बाबतींत कायदाही उदासीन नाहीं. जर्मनींत मान्य मापाबाहेरचें चाक बसवावयाचें तर त्या चाकासाठीं आणि त्या गाडीसाठीं परीक्षणसंस्थेचा दाखला लागतो. तो नसल्यास गाडी रस्त्यावर आणण्याची परवानगीच संपुष्टांत येऊं शकते. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीपत्रकांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास मालकाला मनाई करतें. म्हणून मान्य मापाच्या बाहेर जाण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत आणि विमा कंपनींत चौकशी करून ठेवणें इष्ट. अपघातानंतर विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें नेहमींच महाग पडतात.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण मोटारीलाही लागू आहे. तिचें अंथरूण म्हणजे मडगार्डाच्या आंत कारखान्यानें राखलेली ती बोटभर जागा, हबाची ती कड आणि बोल्टांचें तें वर्तुळ. इंचांचा आंकडा बाहेरून कोणालाही दिसतो. गाडी ज्यांच्या आधारानें रस्त्यावर टिकते तीं मापें मात्र चाकाच्या आंतल्या अंगाला, धुळीखालीं कोरलेलीं असतात. पैसे मोजण्यापूर्वीं चाक उलटें करून ती धूळ पुसणें, एवढी तसदी प्रत्येक मालकानें घ्यावी.